अंबडची मत्स्योदरी आणि राज्यत्यागाचा प्रश्न

जालना शहराच्या दक्षिणेस सुमारे २१ किलोमीटरवर असलेले अंबड हे मराठवाड्यातील जुन्या गावांपैकी एक असून, ज्या टेकडीमुळे त्याचे नाव पंचक्रोशीबाहेर पोहोचले तिच्यावर मत्स्योदरी देवीचे मंदिर आहे. टेकडीचा आकार माशासारखा दिसतो, म्हणून तिच्या उदरी वसलेली देवी ती मत्स्योदरी, अशी या नावाची उपपत्ती सर्वत्र सांगितली जाते, आणि हे देवस्थान या भागातील अतिप्राचीन स्थानांत गणले जाते. गाभाऱ्यात महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती अशा तीन रूपांत देवीची उपासना होते आणि आश्विनातील नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते. देवस्थानाची एवढी माहिती कोणत्याही प्रवासी पुस्तिकेत मिळते. परंतु या टेकडीशी आणखी एक कथा निगडित आहे, जी सहसा दोन ओळींत आटोपली जाते आणि जिच्यात भारतीय धर्मविचारातील एक अत्यंत जुना आणि आजही न सुटलेला प्रश्न दडलेला आहे. त्या कथेनुसार अंबड गाव वसवणारा राजा राज्यकारभाराच्या व्यापाला विटला, सिंहासन सोडून गावाच्या पूर्वेकडील डोंगरातील गुहेत जाऊन राहिला, आणि त्याच्याच नावावरून गावाला अंबड हे नाव पडले. स्थानिक परंपरा या राजाला कधी अंबऋषी म्हणते, कधी अंबरीष.

या कथेला इतिहासाचा पुरावा मानण्याचे कारण नाही, तसेच ती निव्वळ दंतकथा म्हणून बाजूला सारण्याचेही नाही. एखाद्या गावाने आपल्या उत्पत्तीची कोणती कथा जपली, यावरून त्या गावाला कोणता प्रश्न महत्त्वाचा वाटला हे कळते. गाव वसवणाऱ्या पुरुषाच्या कथा बहुधा पराक्रमाच्या, दैवी दृष्टान्ताच्या किंवा सापडलेल्या गुप्तधनाच्या असतात. अंबडची कथा मात्र राज्य सोडून जाणाऱ्याची आहे, आणि म्हणून तिच्यातून सरळ असा प्रश्न उभा राहतो की, ज्याच्यावर इतरांच्या योगक्षेमाची जबाबदारी आहे त्याने परमार्थासाठी ती जबाबदारी सोडावी की नाही. शास्त्रीय परिभाषेत हा प्रवृत्ती आणि निवृत्ती यांचा वाद होय. प्रवृत्ती म्हणजे कर्मांत राहून, कुटुंब, राज्य आणि व्यवहार सांभाळून धर्म आचरणे. निवृत्ती म्हणजे कर्मांतून मागे वळून, संन्यास घेऊन, केवळ आत्मज्ञानाच्या मागे लागणे. आद्य शंकराचार्यांच्या गीताभाष्याने ज्ञान आणि संन्यास यांना जे अग्रस्थान दिले, त्याचे खंडन करून गीतेचा उपदेश कर्मयोगाचाच आहे असे लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्य’ या ग्रंथात मांडले, आणि मराठी वाचकाला हा वाद तेव्हापासून चांगला परिचित आहे. अंबडच्या टेकडीचे वैशिष्ट्य असे की, या वादाच्या दोन्ही बाजू तिच्या कथेत, तिच्यावरील पूजेत आणि तिच्या पायथ्याच्या दगडी कामांत एकत्र सापडतात.

प्रथम टेकडीचाच विचार केला पाहिजे, कारण येथे देवतेचे अधिष्ठान मूर्तीइतकेच भूमीतही आहे. भूशास्त्र सांगते की सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार घडले आणि पुढील झिजेत जे कठीण भाग तगून राहिले ते टेकड्यांच्या रूपाने सपाट प्रदेशावर उठून दिसू लागले. मराठवाड्यातील लांबट, माथ्याला चपट्या आणि टोकाला निमुळत्या होत गेलेल्या टेकड्यांचा घाट असाच बनलेला आहे. अशा एका टेकडीत कोणाला तरी मासा दिसला आणि तो दिसणे पिढ्यानपिढ्या टिकले. परंपरा अशा स्थानाला स्वयंभू म्हणते, म्हणजे जे कोणी घडवले नाही, आपोआप प्रकट झाले. आधुनिक वाचकाला असे वाटण्याचा संभव आहे की आकार हा निसर्गाचा योगायोग आणि देवत्व ही माणसाची कल्पना, तेव्हा स्वयंभू या शब्दाला अर्थ उरत नाही. पण स्वयंभूत्वाचा दावा भूशास्त्राच्या विरोधात जाणारा नाही, कारण पूजेचा विषय पूजकाच्या हातून निर्माण झालेला नाही, तो त्याच्या आधीपासून आहे आणि त्याच्यानंतरही राहील, एवढेच त्या दाव्यात अभिप्रेत असते. हातांनी घडवलेल्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करावी लागते आणि मंत्रांनी तिच्यात देवत्वाचे आवाहन करावे लागते, स्वयंभू स्थानाला त्याची गरज मानत नाहीत, आणि या भेदात पूजकाने स्वतःच्या कर्तृत्वाला घातलेली एक मर्यादा आहे.

महाराष्ट्रातील देवीची बहुतेक मोठी स्थाने डोंगराच्या आधाराने आहेत. वणीची सप्तशृंगी कड्याच्या अंगातच कोरल्यासारखी उभी आहे, तुळजापूरची भवानी बालाघाटाच्या उतारावर आहे, माहूरची रेणुका शिखरावर आहे. या ठिकाणी डोंगर हे देवीचे आसन होय. अंबडला संबंध अधिक निकटचा आहे, कारण नावाप्रमाणे टेकडी हाच देह आणि देवी त्या देहाच्या आत. संपूर्ण पर्वतालाच देवतारूप मानण्याची उदाहरणे भारतात आहेत. तिरुवण्णामलैचा अरुणाचल हा स्वतः शिव मानला जातो, आणि त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा श्रावणातील सोमवारी हजारो लोक याच भावनेने करतात. मत्स्योदरी हे नावही एकट्या अंबडचे नाही. काशी क्षेत्रात मत्स्योदरी नावाचे तीर्थ होते आणि पुराणांत त्याचे माहात्म्य वर्णिलेले आहे; एकोणिसाव्या शतकात तो तलाव आटवला गेला तरी मच्छोदरी हे नाव त्या वस्तीला आजही आहे. माशाच्या उदराचा आणखी एक संदर्भ मराठी माणसाच्या अधिक जवळचा आहे. नाथ संप्रदायाच्या परंपरेत शिवाने पार्वतीला क्षीरसमुद्राच्या तीरी केलेला गुह्य उपदेश माशाच्या पोटात असलेल्या मत्स्येंद्रनाथांनी ऐकला, तेथून ते ज्ञान गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथ यांच्या मार्गे ज्ञानेश्वरांपर्यंत आले, आणि ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ही परंपरा सांगितलेली आहे. अंबडच्या देवीचा या कथेशी थेट संबंध जोडणे धाडसाचे होईल. परंतु उदर ही जागा दोन्हीकडे एकाच अर्थाने आली आहे, म्हणजे जगापासून झाकलेली आणि तरीही जगासाठी काहीतरी धारण करणारी जागा.

अशा जागी येऊन राहिलेल्या राजाला परंपरेने अंबरीष म्हणावे, हे मोठे विचार करण्यासारखे आहे. कारण भागवत पुराणाच्या नवव्या स्कंधात ज्या अंबरीषाचे आख्यान येते तो राज्याला विटलेला राजा नाही. तो सप्तद्वीपा पृथ्वीचा अधिपती असून, मन भगवंताच्या चरणी, वाणी त्याच्या गुणवर्णनात, कान कथाश्रवणात, पाय क्षेत्रांच्या यात्रेत आणि हात मंदिराच्या झाडलोटीत लावून त्याने राज्य केले, असे तेथे वर्णन आहे. भागवतकाराने भक्तीची ही यादी इंद्रियांच्या क्रमाने दिली आहे, आणि तीत सार्वभौम राजाच्या हातांना दिलेले काम केरवारे काढण्याचे आहे, हा तपशील सहज नजरेआड होतो. या राजाने वर्षभर एकादशीचे व्रत केले, पारण्याच्या वेळी दुर्वास ऋषी अतिथी म्हणून आले आणि स्नानाला जाऊन परत येण्यास त्यांनी उशीर केला. द्वादशी संपत आली. जेवावे तर अतिथीचा अवमान आणि न जेवावे तर व्रतभंग, असा पेच पडला. अंबरीषाने विद्वान ब्राह्मणांना विचारून केवळ पाण्याचा घोट घेतला, कारण पाणी पिणे हे खाणेही असते आणि न खाणेही. दुर्वासांना हे सहन झाले नाही; त्यांनी जटेतून निर्माण केलेली कृत्या, म्हणजे संहारासाठी उत्पन्न केलेली शक्ती, सुदर्शन चक्राने जाळली, आणि मग ते चक्र दुर्वासांच्याच पाठी लागले. ब्रह्मदेव, शंकर आणि शेवटी विष्णू या सर्वांनी असमर्थता सांगितल्यावर त्यांना अंबरीषाचेच पाय धरावे लागले. आणि तोपर्यंत, वर्षभर, तो राजा त्यांच्या वाटेकडे डोळे लावून अन्नाशिवाय राहिला होता.

या आख्यानाचा रोख स्पष्ट आहे. संन्याशाचे तप आणि गृहस्थ राजाची भक्ती यांची गाठ पडते तेव्हा भागवत राजाच्या बाजूने उभे राहते, आणि तेही त्याने तपस्व्याचा पराभव केला म्हणून नाही, तर तपस्व्याची वाट पाहिली म्हणून. अखेरीस हा अंबरीषही पुत्रांवर राज्य सोपवून वनात गेला, असे भागवत सांगते, पण ते आयुष्याच्या शेवटी, व्यवस्था लावून दिल्यावर. वैतागून मुळीच नाही. अंबडच्या स्थानिक कथेतील राजा मात्र कारभाराला कंटाळलेला आहे. एकाच नावाखाली हे दोन राजे एकत्र आले, त्यात लोकांची गल्लत झाली असे म्हणता येईल. परंतु लोकमानसाला राजाचे निघून जाणे स्वीकारताना त्याला भागवतातल्या आदर्शाचा आधार द्यावासा वाटला, असे म्हणणे अधिक न्याय्य आहे. निघून जाणाऱ्याबद्दल गावाच्या मनात आदर असतो आणि एक न बोललेली तक्रारही असते. नावाने आदर राखला, कथेने तक्रार.

कारभाराला विटलेल्या राजाचा प्रश्न टेकडीवर दरवर्षी नव्याने वाचला जातो, कारण तो देवीच्या उपासनेच्या मुख्य ग्रंथातच आहे. नवरात्रात ज्याचा पाठ होतो ते देवीमाहात्म्य, म्हणजेच दुर्गासप्तशती, हा मार्कंडेय पुराणाचा १३ अध्यायांचा भाग असून त्यात तीन चरित्रे आहेत: पहिल्याची देवता महाकाली, दुसऱ्याची महालक्ष्मी आणि तिसऱ्याची महासरस्वती. मत्स्योदरीच्या गाभाऱ्यातील तीन रूपे याच त्रयीची आहेत. सामान्य भाविकाला या ग्रंथातील मधुकैटभ, महिषासुर आणि शुंभनिशुंभ यांची युद्धे आठवतात. पण ही सगळी युद्धे एका चौकटीत सांगितलेली आहेत, आणि ती चौकट दोन हरलेल्या माणसांच्या भेटीची आहे. सुरथ नावाचा राजा शत्रूंकडून पराभूत होऊन आणि स्वतःच्याच अमात्यांकडून लुबाडला जाऊन, शिकारीच्या निमित्ताने एकटा घोड्यावर बसून वनात निघून येतो. मेधस ऋषींच्या आश्रमात त्याला समाधी नावाचा वैश्य भेटतो, ज्याला बायकोमुलांनी धनाच्या लोभाने घराबाहेर काढले आहे. दोघांनाही सोडून यावे लागले आहे, आणि दोघांचेही मन मागेच अडकले आहे. राजाला आपल्या हत्तीची, आपल्या नगराची, दुसऱ्यांच्या हातून उधळल्या जाणाऱ्या खजिन्याची चिंता लागून राहिली आहे, तर वैश्याला त्याच बायकोमुलांच्या खुशालीची.

हे दोघे ऋषींना विचारतात ते असे की, जे आपले नाही हे कळूनही त्याच्याकडे मन का ओढ घेते. मेधस ऋषी उत्तरादाखल झाडावरच्या पक्ष्यांकडे बोट दाखवतात: स्वतः भुकेने व्याकूळ असूनही ते पिल्लांच्या चोचीत दाणे घालतात, हेही मोहाचेच काम. येथे ऋषी पक्ष्यांची निंदा करीत नाहीत, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्या महामायेमुळे जग मोहात पडते तीच जग चालवते, तीच प्रसन्न झाली म्हणजे मुक्ती देते, आणि ज्ञानी म्हणवणाऱ्यांची मनेही तीच बळाने ओढून मोहात टाकते, असे ते सांगतात. निवृत्तिमार्गाच्या कठोर ग्रंथांत मोह हा केवळ शत्रू असतो. सप्तशतीत मोह ही देवीचीच शक्ती आहे, आणि त्यामुळे संसाराकडे ओढले जाणारे मन हे देवीपासून दूर गेलेले मन ठरत नाही. भारतीय धर्मग्रंथांत इतक्या सहानुभूतीने आणि इतक्या थोड्या शब्दांत गुंतलेल्या माणसाला समजून घेणारी जागा क्वचितच सापडेल.

ग्रंथाच्या शेवटी राजा आणि वैश्य नदीकाठी मातीची मूर्ती करून तीन वर्षे आराधना करतात आणि देवी प्रसन्न होऊन वर मागण्यास सांगते. सुरथ मागतो ते राज्य, या जन्मी शत्रूंकडून परत मिळालेले आणि पुढील जन्मी न ढळणारे. समाधी मागतो ते ज्ञान, ज्याने ‘मी’ आणि ‘माझे’ यांची आसक्ती नाहीशी होते. देवी दोघांनाही मागितले ते देते, एकाला श्रेष्ठ आणि दुसऱ्याला कनिष्ठ म्हणत नाही, आणि राजाला वैश्यासारखे मागण्याचा उपदेशही करीत नाही. प्रवृत्ती आणि निवृत्ती यांचा वाद भाष्यकारांनी शतकानुशतके लढवला. देवीमाहात्म्याने तो एकाच देवतेच्या दोन वरदानांत सामावून घेतला. अंबडच्या टेकडीवर गेलेला कथेतील राजा समाधीच्या वाटेने गेला असे मानले, तर सुरथाची वाट कोणी चालली, हा प्रश्न साहजिकच पुढे येतो, आणि त्याचे उत्तर टेकडीवरून खाली उतरल्यावर अंबड गावातच मिळते.

अठराव्या शतकात अंबडचा परगणा होळकरांकडे होता, आणि मत्स्योदरीच्या मंदिराची आजची घडण, गावातील खंडोबाचे मंदिर आणि पुष्करणी नावाने ओळखली जाणारी बारव यांचा संबंध अहिल्याबाई होळकरांशी जोडला जातो. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी येथे झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव मारले गेले, तेव्हा सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी परावृत्त केले, असे सांगतात. १७६६ मध्ये मल्हाररावही गेले आणि पुढल्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव गेला. राज्य सोडून काशीला किंवा नर्मदातीरी जाऊन बसण्यास जेवढी कारणे एखाद्या माणसाला असू शकतात, तेवढी सगळी त्यांच्यापाशी होती, आणि त्या काळाच्या रूढीने विधवेकडून अपेक्षाही तीच केली असती. अहिल्याबाई नर्मदातीरी महेश्वरला गेल्या खऱ्या, पण ती त्यांनी राजधानी केली, आणि १७६७ पासून १७९५ मध्ये निधन होईपर्यंत २८ वर्षे कारभार केला. त्यांची आज्ञापत्रे श्रीशंकराच्या नावाने निघत, म्हणजे राज्य शिवाचे आणि आपण त्याची चाकरी करणारे, ही भूमिका कारभाराच्या कागदावरच उमटलेली असे. सिंहासनाचा त्याग त्यांनी केला नाही. सिंहासनावरील मालकीचा केला. भागवतातील अंबरीषाच्या जवळ जाणारे ऐतिहासिक उदाहरण शोधायचे, तर महाराष्ट्राच्या इतिहासात याहून स्पष्ट दुसरे मिळणे कठीण आहे.

त्यांच्या धर्मकार्याबद्दल एक बाब नेहमी सांगितली पाहिजे. होळकरांच्या संस्थानात दौलत आणि खासगी असे दोन भाग होते: दौलत म्हणजे राज्याचा सार्वजनिक महसूल, ज्यातून लष्कर आणि मुलकी खर्च चाले, आणि खासगी म्हणजे घराण्यातील स्त्रीच्या स्वतंत्र ताब्यातील उत्पन्न. काशी विश्वनाथाचे १७८० चे मंदिर, सोमनाथ, गयेचे विष्णुपद, वेरूळचा घृष्णेश्वर आणि देशभरचे घाट, धर्मशाळा व अन्नछत्रे यांचा खर्च प्रामुख्याने खासगीतून झाला. म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने पुण्य जोडण्याचा मोह येथे नव्हता, आणि जॉन माल्कमने १८२३ च्या आपल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात, माळव्यातील लोकांकडून ऐकून, जो गौरव नोंदवला त्याच्या मुळाशी न्यायी कारभार आणि ही स्वच्छ विभागणी दोन्ही आहेत.

अंबडच्या खंडोबाच्या मंदिराची योजना समजण्यासारखी आहे, कारण खंडोबा हे होळकरांचे कुलदैवत, आणि जेजुरीच्या गडावरही त्यांनी मोठे बांधकाम केले आहे. आपल्या परगण्यात कुलदैवताची स्थापना करणे ही तेव्हाची रीत होती. अधिक विचार करायला लावते ती बारव. बारव म्हणजे केवळ खोदलेली विहीर नसून, चारी बाजूंनी टप्प्याटप्प्याने उतरत जाणाऱ्या पायऱ्यांनी बांधून काढलेले जलस्थान होय. काळ्या बसाल्टचे घडीव चिरे एकमेकांवर बसवून पायऱ्यांच्या रांगा केलेल्या असतात, मधे विसाव्याचे कट्टे असतात, भिंतींत देवकोष्टे, म्हणजे देवतांच्या मूर्तींसाठी सोडलेले कोनाडे असतात, आणि पावसाळ्यात वरच्या पायऱ्यांना टेकलेले पाणी जसजसे खाली जाते तसतसा पाणी भरणाऱ्याचा पाय त्याच्यामागे एकेक पायरी उतरत जातो, त्यामुळे दोर आणि पोहरा नसलेल्या माणसालाही भर उन्हाळ्यात पाण्याला हात लावता येतो. ज्या प्रदेशात वर्षाचा पाऊस साधारण सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा, ज्याने १९७२ चा आणि अलीकडे २०१२-१३ चा दुष्काळ सोसला, तेथे या रचनेची किंमत वेगळी सांगण्याची गरज नाही.

धर्मशास्त्रात या प्रकारच्या कार्याला पूर्त म्हणतात. इष्ट म्हणजे यज्ञयागादी वैदिक कर्म आणि पूर्त म्हणजे विहिरी, तळी, बागा, देवालये, अन्नदान. दोन्ही मिळून इष्टापूर्त. यज्ञ करण्याचा अधिकार सर्वांना नव्हता, पूर्ताचा मात्र सर्वांना होता, आणि म्हणून स्त्रिया व शूद्र मानले गेलेले लोक यांच्या पुण्याचा मार्ग शास्त्रकारांनीच पूर्तात दाखवून ठेवला होता. धनगर कुळात जन्मलेल्या एका विधवा स्त्रीने हा मार्ग इतक्या व्यापकपणे अवलंबला की इष्टाचा अधिकार असलेले पुष्कळसे राजे तिच्यापुढे लहान दिसू लागले. टेकडीवरचे मंदिर आणि गावातील बारव यांना पुरातत्त्वाच्या यादीत दोन स्वतंत्र वास्तू म्हणून क्रमांक मिळत असतील, पण धर्माच्या दृष्टीने ते एकच बांधकाम आहे, आणि आज मंदिराच्या रंगरंगोटीसाठी सहज उभा राहणारा निधी बारवेतला गाळ काढण्यासाठी अनेक गावांत उभा राहत नाही, ही पूर्ताची कल्पना विसरल्याची खूण आहे. त्याचे दुःख वाटल्याशिवाय राहत नाही.

सोडून जाणे आणि राहणे यांचा विचार अंबडच्या आसमंतात इतरत्रही इतक्या वेळा उमटला आहे की गोदावरीच्या या पट्ट्याचा तो स्वभावच म्हणावा. अंबड तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी वाहते आणि पश्चिमेला, नदीच्या वरच्या अंगाला, पैठण परिसरात आपेगाव आहे. आपेगावच्या विठ्ठलपंतांनी पत्नी असता संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले. शास्त्रात पुढे जाण्याची वाट होती, परत येण्याची नव्हती, आणि ज्या समाजाने एकट्या पडलेल्या पत्नीचा विचार केला नाही त्याने परतलेल्या पतीला वाळीत टाकले. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले तरी मुलांवरचा कलंक लगेच गेला नाही. त्यांचेच पुत्र ज्ञानेश्वर यांनी गीतेवर टीका लिहिताना, ज्याने मनातून संकल्प टाकला त्याने घर टाकण्याची गरज नाही, असे प्रतिपादन करावे, यात तत्त्वज्ञानाइतकाच घरचा अनुभवही आहे असे मानण्यास जागा आहे. पैठणचे एकनाथ तर गृहस्थ राहूनच संत झाले.

आणि अंबडच्या अगदी जवळचे उदाहरण जांबचे. आज घनसावंगी तालुक्यात असलेले जांब पूर्वी अंबड तालुक्यातच मोडे. तेथे १६०८ साली जन्मलेला नारायण लग्नाच्या बोहल्यावरून पळाला, नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे तप केले, नंतर देशभर फिरला आणि समर्थ रामदास म्हणून ओळखला गेला. एवढे पाहिले तर हा अंबडच्या राजाचाच धडा पुन्हा गिरवला गेला असे वाटेल. पण ज्याने स्वतः संसार केला नाही त्याने दासबोधात प्रपंच नीट सांभाळण्याचा आग्रह सर्वांत जोराने धरला, प्रपंच टाकून परमार्थाला लागणाऱ्याला खडसावले, आणि प्रपंचातच गुरफटून राहणाऱ्यालाही सोडले नाही. संन्याशाच्या तोंडी गृहस्थाश्रमाचे समर्थन येते तेव्हा त्यात स्वतःची सोय पाहण्याचा आरोप उरत नाही, आणि म्हणूनच बहुधा मराठी मनाने ते इतक्या विश्वासाने ऐकले.

टेकडीवरील राजसत्ता पुढे अनेकदा बदलली. होळकरांनंतर अंबड निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिले, १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते संस्थान संपले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १ मे १९८१ रोजी जालना हा वेगळा जिल्हा झाला. देवीचे नाव आता गावातील आणि जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालये चालवणाऱ्या मत्स्योदरी शिक्षण संस्थेलाही आहे, आणि त्रयीतल्या महासरस्वतीचा विचार केला तर ते योग्यच म्हणावे लागेल.

नवरात्रात टेकडीच्या पायऱ्या पहाटेपासून भरून जातात. मराठवाड्यातील घराघरांत त्याच नऊ दिवसांत पत्रावळीवर काळी माती पसरून, तीत धान्य पेरून, वर पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात आणि नवव्या दिवसापर्यंत उगवून आलेल्या पिवळट अंकुरांवरून येत्या रब्बीचा अंदाज बांधतात. देवीची ओटी भरताना मागितले जाते ते बहुतेक सुरथाचे मागणे असते: पाऊस पडावा, पीक यावे, गेलेली जमीन सुटावी, मुलीचे जमावे, मुलाला नोकरी लागावी. अशा मागण्याला सकाम भक्ती म्हणून खालच्या पायरीवर बसवण्याची सवय सुशिक्षितांना आणि काही कीर्तनकारांनाही आहे. निष्काम भक्तीची थोरवी कोणी नाकारत नाही. परंतु ज्या देवीच्या दारी हा निवाडा दिला जातो तिच्या ग्रंथात त्याला आधार मिळत नाही. सप्तशतीचा आरंभ सूर्यपुत्र सावर्णी मनूच्या उल्लेखाने होतो, हा मनू कसा झाला हे सांगण्यासाठीच पुढची सारी कथा आहे, आणि समाधीला ज्ञानाचा वर देऊन झाल्यावर देवी अंतर्धान पावते तरी ग्रंथ तेथे थांबत नाही. त्याचा शेवटचा श्लोक पुन्हा सुरथाकडे वळतो आणि सांगतो की राज्य मागणारा हा क्षत्रिय पुढच्या जन्मी सूर्याच्या पोटी येऊन सावर्णी मनू होईल, म्हणजे एका संपूर्ण मन्वंतराच्या प्रजेचा भार पुन्हा त्याच्याच खांद्यावर येईल.